अबोल पूर्वजाचा माग

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात लंडन नावाचं एक शहर आहे आणि त्या शहरालगत सायलोम नावाची जुनी दफनभूमी. तिथे जॉर्ज लव्हलेस नावाचा एक शेतकरी १८७४पासून विसावला आहे. इंग्लंडमधून आलेला, मेथडिस्ट पंथाचा, कष्टाळू आणि देवभीरू म्हातारा, एवढीच त्याची ओळख आसपासच्या लोकांना होती. याच माणसाच्या सुटकेसाठी १८३४च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजधानीत हजारो कामगारांनी मोर्चा काढला होता आणि दोन लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. त्याने आणि त्याच्यासारख्याच कॅनडात आलेल्या चार साथीदारांनी मागच्या आयुष्याबद्दल तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. कॅनडात वाढलेल्या मुलांनाही ती हकीकत कळली नाही, असं सांगितलं जातं.

घराण्याचा इतिहास शोधायला बसलेल्या माणसाला असा पूर्वज कुठे ना कुठे भेटतोच. १८१५ ते १९१४ या शंभर वर्षांत ब्रिटिश बेटांतून, आयर्लंड धरून, दोन कोटींहून अधिक माणसं समुद्रापार गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यात सरदार-दरकदार थोडे, बाकी सगळे शेतमजूर, विणकर, सुतार, मोलकरणी. रोजनिशी लिहिण्याइतकी सवड त्यांना नव्हती आणि पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. आज त्यांचे पणतू-खापरपणतू ‘आम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न घेऊन नोंदवह्या उलगडतात, तेव्हा हाती लागते ती बहुधा दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी लिहून ठेवलेली एखादी ओळ. अशा सुट्या ओळींतून माणूस उभा कसा करायचा, हे समजून घ्यायला लव्हलेसचंच उदाहरण घ्यावं. त्याच्या आयुष्याच्या बहुतेक प्रत्येक टप्प्यावर एकेक कागद आहे, आणि जिथे नाही तिथलं रितेपणही बोलकं आहे.

टॉलपडल हे इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डॉर्सेट परगण्यातलं लहानसं खेडं. १८३०च्या आसपास तिथल्या शेतमजुराची मजुरी आठवड्याला ९ शिलिंग होती. ती ८वर आली, मग ७वर, आणि पुढे ६ शिलिंगच मिळतील अशी भाषा सुरू झाली. बायकापोरांचं पोट त्यात भरणं अशक्य होतं. जॉर्ज लव्हलेस शेतमजूर होता, पण रविवारी मेथडिस्ट प्रार्थनासभांत प्रवचन करायचा; लोक त्याचं ऐकत. त्याच्या पुढाकाराने गावात मजुरांची एक संघटना उभी राहिली. १८२४नंतर संघटना करणं हा गुन्हा उरला नव्हता, त्यामुळे जमीनदारांनी दुसरी वाट काढली. नव्या सभासदांना डोळे बांधून गुप्ततेची शपथ दिली जायची. नौदलातलं बंड मोडताना १७९७मध्ये बेकायदा शपथांविरुद्ध एक कायदा झाला होता, तो शोधून काढून या मजुरांना लावला. २४ फेब्रुवारी १८३४ला सहा जणांना पकडलं आणि मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने प्रत्येकाला सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली.

त्या सहा जणांची नावं एकत्र वाचली की नात्यांचं जाळं दिसू लागतं. जॉर्ज लव्हलेस, त्याचा धाकटा भाऊ जेम्स, मेव्हणा थॉमस स्टँडफील्ड, भाचा जॉन स्टँडफील्ड, आणि गावातले दोन तरुण, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण एकोणिसाव्या शतकातला गरीब माणूस एकट्याने सहसा हलत नसे. तो भावाबरोबर, मेव्हण्याबरोबर, शेजाऱ्याबरोबर निघे. नोंदींत एकटा माणूस हरवतो. गोतावळा हरवत नाही. हवा तो पूर्वज कुठल्याच यादीत सापडेना, तर त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला शोधावं. दोन घरं सोडून तो राहत असण्याची शक्यता पुष्कळ असते.

आता कागदांकडे. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ला सुरू झाली. लव्हलेसचा जन्म १७९७चा, म्हणजे त्याआधी चाळीस वर्षं. त्या काळातल्या माणसासाठी चर्चची नोंदवही पाहावी लागते. १५३८पासून प्रत्येक गावच्या चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणं बंधनकारक होतं. १८१३पासून बाप्तिस्म्यासाठी छापील नमुना आला आणि बापाचा व्यवसाय लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना मिळाला. खापरपणजोबा शेतमजूर होता की लोहार, हे त्यातून कळतं.

पण पूर्वज मेथडिस्ट असेल तर? अशा पंथांच्या स्वतःच्या वह्या होत्या. सरकारी नोंद सुरू झाल्यावर त्यांतल्या कित्येक सरकारकडे गोळा झाल्या आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाहाची गोष्ट मात्र वेगळी. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांना गावच्या अधिकृत, म्हणजे अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे. त्यामुळे कट्टर मेथडिस्टाच्या लग्नाची ओळही अँग्लिकन वहीत सापडते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे शोधणारे वर्षानुवर्षं चुकीच्या कपाटात हात घालत राहतात.

गरिबाच्या आयुष्याबद्दल सगळ्यांत जास्त तपशील कुठे मिळतो, तर जिथे त्याची सत्तेशी गाठ पडली तिथे. चर्चच्या वहीत ओळ, दीड ओळ. पण तोच माणूस कोर्टात उभा राहिला की त्याचं वय, धंदा, शिक्षण लिहिलं जातं. जहाजावर चढवला की उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने ऑस्ट्रेलियात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी पाठवले आणि त्यांच्याबद्दलचं दप्तर इतकं बारकाईने ठेवलं की २००७मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतलं. ज्याचं चित्र कधी कुणी काढलं नाही अशा शेतमजुराच्या कपाळावरची खोक आज त्याच्या वंशजाला वाचता येते. हे दप्तर कैद्यावर पहारा ठेवण्यासाठी होतं. त्यातल्या चांगल्या-वाईट शेऱ्यांना साहेबाचं मत समजावं, माणसाची परीक्षा नव्हे.

टॉलपडलच्या पाच जणांना ‘सरी’ जहाजातून न्यू साऊथ वेल्सला नेलं. जॉर्ज आजारी पडल्यामुळे मागे राहिला आणि नंतर वेगळ्या जहाजाने त्याची रवानगी व्हॅन डीमन्स लँड या बेटावर झाली. म्हणजे एकाच खटल्यातल्या, एकाच कुटुंबातल्या माणसांची कागदपत्रं आज ऑस्ट्रेलियातल्या दोन वेगळ्या राज्यांच्या अभिलेखागारांत आहेत. त्या बेटाकडे होणारी हद्दपारी १८५३मध्ये थांबली आणि १८५६मध्ये त्याचं नाव टास्मानिया झालं, कारण जुन्या नावाला बेड्यांचा खळखळाट चिकटला होता. घराण्यांनीही तेच केलं. आजोबा ‘स्वखुशीने आले’ असं नातवंडांना सांगितलं गेलं. कित्येक पिढ्या ही लपवाछपवी चालली. आज तिथले वंशज कैदी पूर्वज सापडला की अभिमानाने सांगतात. हा बदल विसाव्या शतकात, शेवटच्या काही दशकांत आला, आणि तो घडवण्यात घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या हौशी माणसांचा वाटा मोठा आहे.

लोकांच्या दबावामुळे १८३६मध्ये सहाही जणांना माफी मिळाली. जॉर्ज १८३७मध्ये परतला आणि त्याने आपली कैफियत पुस्तिकेच्या रूपाने छापली. शेतमजुराने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली अशी हकीकत फार दुर्मीळ आहे. लोकवर्गणीतून या मंडळींना एसेक्स परगण्यात, ग्रीनस्टेड आणि हाय लेव्हर या भागात, खंडाने शेती मिळवून दिली. हॅमेट सगळ्यांत शेवटी, १८३९मध्ये आला.

याच वर्षीच्या जूनमध्ये ग्रीनस्टेडच्या प्राचीन लाकडी चर्चमध्ये जेम्स ब्राइनचं लग्न झालं. वधू एलिझाबेथ स्टँडफील्ड, थॉमसची मुलगी. एका साथीदाराच्या लेकीशी दुसऱ्या साथीदाराने लग्न केलं. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने १८३७नंतरचा विवाहाचा दाखला म्हणजे घबाडच. त्यात वधू-वरांबरोबर दोघांच्याही वडिलांची नावं आणि व्यवसाय लिहिलेले असतात, साक्षीदारांच्या सह्या असतात. एका कागदावर दोन घराण्यांच्या दोन-दोन पिढ्या. सही करता येत नसेल तर फुली असते आणि ती फुलीही माहिती देते. साक्षीदारांची नावं लोक वाचायची सोडून देतात, ती सोडू नयेत. पुढे परदेशातल्या जनगणनेत शेजारच्या घरात तीच नावं पुन्हा दिसली की माणूस तोच आहे अशी खात्री पटते.

६ जून १८४१च्या रात्री इंग्लंडमध्ये जनगणना झाली. जनगणना १८०१पासून दर दहा वर्षांनी होत होती, पण देशभर प्रत्येक माणसाचं नाव लिहिलेली आणि जपून ठेवलेली ही पहिली. तिच्यात दोन खोडी आहेत. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. म्हणजे ४४ वर्षांचा माणूस कागदावर ४०चा होतो. आणि जन्मगाव लिहिलेलंच नाही; याच परगण्यात जन्म झाला का, एवढाच प्रश्न. डॉर्सेटहून एसेक्सला आलेल्या माणसापुढे ‘नाही’ इतकंच येणार. १८५१पासून मात्र नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव लिहिलं जाऊ लागलं. स्थलांतरिताच्या वंशजाला हेच हवं असतं, आणि पूर्वज १८५१च्या आधीच देश सोडून गेला असेल तर नेमकं तेच हुकतं. तरीही कोरी जागा कामाची असते. १८४१मध्ये अख्खं कुटुंब आहे, १८५१मध्ये इंग्लंडभर कुठेही नाही आणि मधल्या दहा वर्षांत कुणाच्या मृत्यूची नोंदही नाही, तर बोटीचा तपास सुरू करावा.

एसेक्समध्ये या मंडळींना स्वस्थता लाभली नाही. मतदानाच्या हक्कासाठी चाललेल्या चार्टिस्ट चळवळीत ते ओढले गेले आणि आसपासच्या जमीनदारांना, धर्मगुरूंना ते खुपू लागले. खंडाची मुदत संपत आली तशी १८४४पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पाच कुटुंबं कॅनडाला निघून गेली. या वेळी बेड्या नव्हत्या, पहारा नव्हता. ती साधी प्रवासी होती, आणि म्हणूनच कागदांतून जवळपास अदृश्य झाली.

ही अडचण हजारो वंशजांची आहे. त्या काळी प्रवाशांच्या याद्या ठेवण्याची आणि जपण्याची पद्धत देशागणिक वेगळी होती. इंग्लंड सोडून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या पद्धतशीर जपलेल्या आहेत त्या १८९०पासूनच्या. अमेरिकेने येणाऱ्यांच्या याद्या १८२०पासून ठेवल्या. कॅनडात क्वेबेक बंदराच्या याद्या नियमितपणे मिळतात त्या १८६५पासून. म्हणजे १८४४मध्ये अमेरिकेत उतरलेला माणूस सापडण्याची आशा आहे. क्वेबेकला उतरलेल्याच्या बोटीचं नाव कदाचित कधीच मिळणार नाही. ऑस्ट्रेलियाचं बरोबर उलट. तिथलं भाडं परवडणारं नसल्यामुळे सरकारी मदतीने पुष्कळ लोक गेले, आणि सरकारने पैसे मोजले म्हटल्यावर यादी आलीच. नाव, वय, धंदा, धर्म, वाचता-लिहिता येतं का, आणि काही याद्यांत आईबापांची नावंसुद्धा.

अशा याद्या वाचताना एक सावधगिरी बाळगावी. मदत मिळे ती तरुण जोडप्यांना, शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्या अविवाहित मुलींना. त्यामुळे चाळिशी ओलांडलेला बाप यादीत तीन-चार वर्षांनी लहान होतो आणि गिरणीत राबलेला हात नांगर धरलेला म्हणून लिहिला जातो. पोरांना खायला घालण्यासाठी तीन-साडेतीन महिन्यांच्या समुद्रप्रवासाला निघालेल्या माणसाने वयाचे आकडे फिरवले, तर त्याला आज कुणी दोष देऊ नये. फक्त त्या वयावरून जन्मसाल काढून पक्क्या शाईने वंशावळीत लिहू नये.

गावानेच गरिबांना पाठवल्याची उदाहरणंही पुष्कळ आहेत. १८३४च्या गरीब कायद्याने गावांना स्थलांतरासाठी कर्ज काढण्याची मुभा दिली. त्याच्याही आधीपासून, १८३२ ते १८३७ या काळात वेस्ट ससेक्समधल्या पेटवर्थच्या समितीने सुमारे १८०० माणसं कॅनडात पाठवली. एग्रिमाँटचा अर्ल हा धनिक पाठीशी होता आणि टॉमस सॉकेट हा धर्मगुरू सगळी व्यवस्था पाहत होता. या मजुरांनी घरी पाठवलेली पत्रं सॉकेटने त्याच काळात छापली. नव्या देशातली मजुरी, जंगलतोड, थंडी, सर्वांना बसवून जेवू घालणारे मालक, तापाने गेलेली मुलं, असं सगळं त्यांत येतं. मागे राहिलेल्यांना धीर यावा हा छापण्याचा हेतू होता, तेव्हा निवड सुखद पत्रांकडे झुकली असणार हे धरून चालावं. तरीही, ज्यांचा आवाज इतिहासात एरवी ऐकूच येत नाही त्या माणसांची ही पत्रं आहेत. तीन अभ्यासक स्त्रियांनी, वेंडी कॅमेरन, शीला हेन्स आणि मेरी मॅकडूगल मॉड यांनी, ती शोधून, तपासून पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा अनेक कुटुंबांना आपलं मूळ गाव मिळालं.

मूळ गाव, हीच खरी ग्यानबाची मेख. कॅनडाच्या जुन्या जनगणनांत जन्मस्थळाच्या रकान्यात बहुधा ‘इंग्लंड’ एवढाच शब्द असतो. ओंटारियोत जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद १८६९ला सुरू झाली. म्हणजे लव्हलेसच्या मृत्यूच्या वेळी ती होती, पण अशा नोंदींतही गाव सापडेल याचा भरवसा नसतो. म्हणून अनुभवी शोधकर्ता इंग्लंडकडे एकदम धाव घेत नाही. तो आधी नव्या देशातलं सगळं संपवतो. थडग्यावरचा लेख, स्थानिक वर्तमानपत्रातला मृत्युलेख, मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार, चर्चची सभासदवही, घरच्या बायबलचं पहिलं पान. थडग्यावर कधी गावाचं नाव कोरलेलं असतं, आणि चाळीस वर्षं दूर राहूनही ते कोरून घ्यावंसं वाटलं यातच त्या माणसाचं मन दिसतं.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताइतकं उदार दप्तर क्वचितच असेल. तिथे १८५३ला नोंदणी सुरू झाली ती विल्यम हेन्री आर्चर या आकडेवारीच्या जाणकाराच्या देखरेखीखाली. त्याने ठरवून दिलेल्या मृत्युनोंदीत मृताच्या आईबापांची नावं, बापाचा धंदा, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं राहिला, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कुणाशी झालं, मुलांची नावं आणि वयं, सगळं विचारलेलं आहे. एका दाखल्यातून तीन पिढ्या उभ्या राहतात. अर्थात मरणारा स्वतः माहिती देत नसतो. ती मुलगा देतो, जावई देतो, कधी खाटेजवळ बसलेला शेजारी देतो. आजीचं माहेरचं नाव जावयाला किती ठाऊक असणार? दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव असतं; ते आधी वाचावं आणि मग बाकीच्या मजकुरावर किती विसंबायचं ते ठरवावं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे काम घरबसल्या करण्याजोगं झालं त्यामागे स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. ‘फ्रीबीएमडी’ या प्रकल्पात १९९८पासून सामान्य माणसं जुन्या नोंदींच्या सूची टंकून मोफत खुल्या करत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ यांवर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. डीएनए चाचणीही आता आवाक्यात आली आहे, पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. खापरपणजोबाच्या पिढीतल्या एकेका पूर्वजाचा वाटा आपल्या अंगात सरासरी सव्वासहा टक्के असतो, त्याच्या वरच्या पिढीत तीन टक्क्यांच्या आसपास. चाचणी दूरचा भाऊबंद दाखवते. नातं कुठून आलं हे शेवटी कागदच सांगतो.

आणि सोयीबरोबर एक रोगही आला आहे. संकेतस्थळांवर तयार वंशावळी मिळतात आणि लोक त्या न तपासता उतरवून घेतात. एकाच गावात, एकाच दशकात जन्मलेले एकाच नावाचे तीन चुलतभाऊ असणं इंग्लंडमध्ये अगदी साधी गोष्ट, कारण आजोबांचं नाव प्रत्येक मुलगा आपल्या पोराला देत असे. त्यातला एक लहानपणीच दगावला असेल तर दफनाची नोंद पाहिल्याशिवाय कळत नाही. पाळण्यात गेलेल्या मुलाला बोटीत बसवून कॅनडात त्याचं लग्न लावणाऱ्या वंशावळी आहेत, आणि एकीची चूक पन्नास ठिकाणी पोचल्यावर ती खरी वाटू लागते. यावर उपाय एकच. प्रत्येक माणसाबद्दलचं प्रत्येक विधान कुठल्या कागदावरून केलं ते शेजारी लिहावं, आणि कागद नसेल तिथे जागा मोकळी सोडावी. लव्हलेस कुटुंबाची १८४४ची बोट सापडली नाही तर ‘बोट सापडली नाही’ असं लिहिण्यात कमीपणा नाही.

जो कॅनडाला गेलाच नाही त्याचाही माग काढावा लागतो. सहांपैकी एकटा जेम्स हॅमेट टॉलपडलला परतला आणि तिथेच राहिला. शपथविधीच्या रात्री तो हजरच नव्हता, त्याने भावाच्या जागी शिक्षा भोगली असं मानलं जातं. भावाची बायको गरोदर होती. १८७०च्या दशकात शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिल्यावर तिने त्याला घड्याळ देऊन गौरवलं. म्हातारपणी दृष्टी गेली, आणि घरच्यांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात गेला. तिथेच १८९१मध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या कबरीवर दगड बसायला १९३४ साल उजाडावं लागलं. तो एरिक गिल या नामांकित शिल्पकाराने कोरला. कॅनडातल्या वंशजांना आपल्या पूर्वजाची खरी हकीकत कळण्याची वाट याच गावातून, इथे जपलेल्या आठवणीतून जाते.

इंग्लंड सोडलेल्यांपैकी काही आपल्याकडेही आले. कायमचे वस्ती करायला कमी, पण सैनिक, रेल्वेचे गार्ड, ड्रायव्हर, गवंडी, परिचारिका म्हणून आलेले आणि इथेच मातीत मिसळलेले पुष्कळ. बोरघाटातून रेल्वे नेण्याचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे पोचला आणि थोड्याच काळात आजारपणाने गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाऊझर या दोन अभियंत्यांना हाताशी धरून तिने काम तडीस नेलं, आणि २५ बोगद्यांचा तो घाट १८६३मध्ये सुरू झाला. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था अशा नोंदींच्या सूची मोफत खुल्या करते. कागद आहे. पण थडग्याच्या दगडाची प्रत लंडनला गेलेली नाही. तो इथेच आहे, पावसात झिजतो आहे, आणि त्यावरचं गावाचं नाव एखाद्या कुटुंबाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

पुणे, खडकी, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), देवळाली, इगतपुरी इथे आणि जुन्या छावण्या-रेल्वे वसाहतींच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना म्हणून एक विनंती. जवळ जुनी ख्रिस्ती दफनभूमी असेल तर तिथल्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन लेखांची छायाचित्रं काढावीत. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगड घासू नये, खडू लावू नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप वाचता येतात. दफनभूमीचं आणि गावाचं नाव घालून ही छायाचित्रं ‘फाइंड अ ग्रेव्ह’सारख्या खुल्या संकेतस्थळावर ठेवावीत.